डीफ्रॉस्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

"चिकन डीफ्रॉस्ट करून ठेव," असा निरोप घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. नव्यानं घर मांडलेला माणूस फ्रीजरमधली पिशवी काढून ओट्यावर ठेवतो आणि कामाला निघून जातो. संध्याकाळी पिशवी बाहेरून कोमट लागते, आतून मात्र अजून टणक असते, आणि ओट्यावर गुलाबी पाण्याचं तळं झालेलं असतं. निरोप देणाऱ्याला हे अपेक्षित नव्हतं, पण त्यानं नीट सांगितलंही नव्हतं. घरोघरी ही गोष्ट सगळ्यांना येतच असेल असं धरून चालतात.

खरं तर यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची: डीफ्रॉस्ट करणं म्हणजे गरम करणं नाही. आतला बर्फ सोडवायचा, पण बाहेरचा थर गारच राहिला पाहिजे. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

आधी थोडं विज्ञान, कारण ते कळलं की घाई आपोआप कमी होते. शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे बराच वेळ उष्णता आत जात राहते आणि तापमान मात्र हलत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. बर्फातून उष्णता जितकी सहज जाते, तितकी ती पाण्यातून जात नाही. पाण्याची उष्णतावाहकता बर्फाच्या साधारण पाव आहे. बाहेरचा थर सुटला की तोच आतल्या गाभ्याला पांघरूण घालून बसतो. म्हणून गोठायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ सुटायला लागतो.

आणि फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांना, जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते पुन्हा वाढू लागतात, आणि चांगली संधी मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून नासणारा पदार्थ बाहेर ठेवायची मर्यादा दोन तासांची, आणि खोलीत ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तासाची. नागपूरला किंवा जळगावला मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात काय होईल, हे सांगायला नको. "आमच्याकडे वर्षानुवर्षं रात्रभर ओट्यावरच ठेवतात, काही होत नाही," हे मी पुष्कळदा ऐकलंय. पोट बिघडलं की त्याच घरात दोष पाण्याला दिला जातो.

गोठवतानाच पुढचा विचार करा

डीफ्रॉस्टची अर्धी कटकट फ्रीजरमध्ये ठेवतानाच टाळता येते. पदार्थाची जाडी दुप्पट झाली की बर्फ सुटायचा वेळ दुपटीहून बराच वाढतो, चौपटीकडे झुकतो. किलोभर खिमा एका गोळ्यात ठेवला तर तो दुसऱ्या दिवशीही हट्टानं बसून राहील. तोच पाव-पाव किलोच्या चार पिशव्यांत घालून हातानं बोटभर जाडीचा सपाट थापला तर गार पाण्यात अर्ध्या तासात मोकळा होईल. वाटण, खवलेला नारळ, पुरण, शिजवलेली डाळ या सगळ्यांना हेच लागू. पिशवीतली हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. एका जेवणाला लागेल तेवढंच एका पिशवीत भरा. ज्याच्या घरी दोन किलोचा नारळाचा गोळा सुरीनं टोचून तुकडे काढावे लागतात, त्याला हा नियम पुन्हा सांगावा लागत नाही.

आदल्या रात्रीची पद्धत

सगळ्यात चांगली जागा म्हणजे फ्रीजचाच खालचा, गार कप्पा. तिथे तापमान ५ अंशांच्या खाली असतं, त्यामुळे बाहेरचा थर सुटला तरी जंतूंना वाव मिळत नाही. किंमत एकच: वेळ. अर्धा किलो चिकनला जवळपास पूर्ण दिवस धरा. मोठ्या तुकड्याला दर दोन किलोंमागे २४ तास असा अंदाज चालतो. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला सात किलोची टर्की, म्हणजे कोंबडीसारखा पण बराच मोठा पक्षी, आणणाऱ्या मराठी घरांनी म्हणूनच ती सणाच्या तीन-चार दिवस आधी फ्रीजरमधून खाली काढावी, आदल्या संध्याकाळी नव्हे.

पिशवी खोलगट ताटलीत किंवा डब्यात ठेवा, आणि ती सगळ्यात खालच्या फळीवर. वर ठेवलीत तर तिचं पाणी खालच्या कोथिंबिरीवर आणि दह्याच्या भांड्यावर ठिबकेल. मुरवण्याचा मसाला बर्फ असतानाच लावून ठेवला तरी हरकत नाही. बर्फ सुटत जातो तसा मसाला लागत जातो. मीठ मात्र बेतानं घाला, कारण सुटणारं पाणी मसाला पातळ करतं आणि मग आपण पुन्हा मीठ घालून बसतो.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. बेत बदलला तरी घाबरायचं कारण नाही. फ्रीजमध्ये मोकळं झालेलं चिकन, खिमा किंवा मासळी त्यानंतर एक-दोन दिवस तिथेच टिकते, मटण तीन ते पाच दिवस.

आदल्या रात्री विसरलात तर गार पाणी

गार म्हणजे नळाचं गार पाणी. कोमट नाही, आणि गरम तर मुळीच नाही. गरम पाण्यात चिकनची कड पांढरी पडते, म्हणजे ती शिजायला लागलेली असते, आणि मधला भाग अजून बर्फच असतो.

पिशवी पाणी न शिरणारी हवी. झिपलॉक असेल तर उत्तम, नाहीतर दोन पिशव्या एकात एक घालून घट्ट गाठ मारा. मोठ्या पातेल्यात ती पूर्ण बुडवा. तरंगत असेल तर वर एखादी जड ताटली ठेवा. दर अर्ध्या तासानं पाणी बदला, कारण साचलेलं पाणी लगेच थंडगार होतं आणि मग ते उष्णता देईनासं होतं. अर्धा किलोची सपाट पिशवी तासाच्या आत मोकळी होते. दीड-दोन किलोला दोन-तीन तास लागतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी दुपारी भाजण्याइतकं तापतं, तेव्हा त्यात बर्फाचे दोन खडे टाका. विचित्र वाटेल, पण मुद्दा तोच: बाहेरचा थर गार राहायला हवा.

पातळ पाकिटासाठी एक युक्ती आहे. ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं घालून त्यावर पाकीट ठेवा आणि वर पाण्यानं भरलेलं दुसरं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवा. धातू हवेपेक्षा कितीतरी पटीनं लवकर उष्णता देतो. कोळंबी किंवा चिकनचे पातळ काप यात बघता बघता सुटतात. जाड तुकड्यावर ही युक्ती चालत नाही.

गार पाण्यात सोडवलेलं मात्र लगेच शिजवायचं.

मायक्रोवेव्हवरचं ते बटन

डीफ्रॉस्टचं बटन दाबलं की मायक्रोवेव्ह साधारण तीस टक्के शक्तीवर चालतो. बहुतेक यंत्रांत तो थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं करतो. मधूनमधून आवाज बदलतो तो त्यामुळे. बंद वेळात उष्णता कडेकडून आत सरकते. ही विश्रांती लागते, कारण सूक्ष्मलहरी बर्फात फारशा शोषल्या जात नाहीत आणि पाण्यात झटकन शोषल्या जातात. एका कोपऱ्यात थेंबभर बर्फ सुटला की सगळी उष्णता तोच कोपरा खेचतो. म्हणून पूर्ण शक्तीवर ठेवलेल्या चिकनचा पंख रबरासारखा आणि मांडी बर्फ असा प्रकार होतो.

थर्माकोलचा ट्रे, प्लास्टिकचं आवरण, पिन, फॉइल, सगळं आधी काढून टाका आणि काचेच्या खोलगट भांड्यात ठेवा. वजन विचारलं तर खरं वजन भरा. शंका असेल तर कमीच. मध्येच बीप वाजला की उलटा आणि जे तुकडे सुटले असतील ते बाजूला काढा. पूर्ण मऊ होईपर्यंत थांबू नका. मध्ये थोडा बर्फ असतानाच बाहेर काढून पाच-दहा मिनिटं ठेवलं की उरलेलं आपोआप सुटतं. कडा कुठेतरी कोमट झालेल्या असतातच, त्यामुळे हेही ताबडतोब शिजवायचं.

आमरसाला मी मायक्रोवेव्ह लावत नाही. साखरेमुळे तो जागोजागी कढतो आणि वास बदलतो. बंद डब्यातच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. हवा लागली नाही तर रंगही काळवंडत नाही.

आईच्या दुधाला तर मायक्रोवेव्ह अजिबात नाही, कारण मध्येच कढलेला भाग बाळाचं तोंड भाजू शकतो. रात्रभर फ्रीजमध्ये किंवा कोमट पाण्याच्या वाटीत ठेवून सोडवा. फ्रीजमध्ये सुटलेलं दूध २४ तासांत वापरा, खोलीच्या तापमानाला आलेलं किंवा कोमट केलेलं दोन तासांत, आणि पुन्हा गोठवू नका.

ज्याला डीफ्रॉस्ट लागतच नाही

मटार, मक्याचे दाणे, मोड आलेली मटकी, पराठे, पाव, उकडीचे मोदक. हे सगळं गोठलेलंच वापरायचं. मटार थेट फोडणीत, पराठा थेट तापल्या तव्यावर, मोदक थेट उकडीच्या भांड्यात, फक्त नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. पराठा आधी सोडवलात तर तो चिकट होतो आणि प्लास्टिकला धरतो. अपवाद सारणाचा: करंजीत किंवा पॅटीसमध्ये मटार घालायचे असतील तर ते सोडवून, फडक्यावर कोरडे करूनच घ्या. पुरणालाही फ्रीजमध्ये सुटल्यावर पाणी सुटतं. पोळ्या लाटण्याआधी ते कढईत परतून कोरडं करा.

गोठलेले मक्याचे दाणे नुसते सोडवून सॅलडमध्ये घालायची सवय काहींना असते. ती सोडा. २०१८ साली युरोपात लिस्टेरिया जंतूच्या एका साथीचा माग गोठवलेल्या मक्यापर्यंत गेला होता. पाच देशांत ४७ जण आजारी पडले आणि त्यातले ९ दगावले. पाकिटावर शिजवून खा असं लिहिलं असेल तर दोन मिनिटं उकळायला काय जातं?

चिकनचे लहान तुकडेही गोठलेलेच रश्श्यात टाकता येतात. दीडपट वेळ धरा आणि तुकड्याचा गाभा ७४ अंशांपर्यंत पोचला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर जाड तुकडा मधोमध चिरून पाहा. मात्र गोठलेलं काहीही खोल तेलात सोडायचं असेल तर फक्त त्यासाठीच बनवलेली पाकिटं घ्या, फ्राइज किंवा समोसे वगैरे, आणि तीही थोडी थोडी. बर्फ चिकटलेला मोठा तुकडा कढत्या तेलात पडला की त्या बर्फाची क्षणात वाफ होते आणि तेल उसळून शेगडीवर येतं. अमेरिकेतली अग्निशमन दलं दर नोव्हेंबरला तळायच्या टर्कीबद्दल हेच बजावत असतात.

मासळी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्यामुळे पावसाळ्यात ज्यांना मासे सुटत नाहीत त्यांच्या फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्या आणि कोळंबी हमखास सापडते. मासळीचं मांस नाजूक. गोठताना बर्फाचे स्फटिक त्याच्या पेशी फोडतात आणि सुटताना त्यातलं पाणी बाहेर येतं. ते थांबवता येत नाही, कमी करता येतं, आणि त्यासाठी फ्रीजमध्ये सावकाश सोडवणं हाच उपाय. तुकड्या चाळणीत, चाळणी भांड्यावर, वरून झाकण. मासळी स्वतःच्या पाण्यात बुडून राहिली की वास मारते.

सुटल्यावर फडक्यानं किंवा कागदानं टिपून घ्या आणि मगच आगळ, हळद, मीठ लावा. ओल्या तुकडीवर रवा बसत नाही आणि तेल उडतं ते वेगळंच. कोळंबी गार पाण्यात लवकर सुटते. पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर ती कमी पचपचीत होते. बोंबलात मुळातच पाणी फार, त्यामुळे गोठवलेले बोंबील तळायला घेऊ नका, कालवणात घाला. ताज्या कुरकुरीत बोंबलाची आशा धरून बसलात तर फक्त हिरमोड होईल.

एक गोष्ट परदेशात राहणाऱ्यांसाठी. तिकडे मासळी बऱ्याचदा हवा काढलेल्या, घट्ट प्लास्टिकमध्ये मिळते. फ्रीजमध्ये सोडवायला ठेवण्याआधी ते प्लास्टिक कापा किंवा मासळी बाहेर काढा. बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणारा जंतू हवा नसलेल्या जागीच विष तयार करतो, आणि त्याचे काही प्रकार फ्रीजच्या गारव्यातही वाढतात.

पाकिटावरचं इंग्रजी

पाकिटावर कधी 'डीफ्रॉस्ट' असतं, कधी 'थॉ'. अन्नाच्या बाबतीत दोन्हींचा अर्थ एकच. 'कुक फ्रॉम फ्रोझन' म्हणजे सोडवू नका, तसंच शिजवा. 'डू नॉट रीफ्रीझ वन्स थॉड' म्हणजे एकदा बर्फ सुटला की पुन्हा फ्रीजरमध्ये टाकू नका.

या शेवटच्या वाक्याचा धाक लोक गरजेपेक्षा जास्त घेतात. फ्रीजच्या कप्प्यात सोडवलेलं कच्चं मांस पुन्हा गोठवलं तर धोका नाही; चव आणि पोत उतरतो, कारण स्फटिक दुसऱ्यांदा पेशी फोडतात. गार पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सोडवलेलं मात्र आधी शिजवा आणि मग गोठवा. ओट्यावर दोन तासांहून जास्त राहिलेलं टाकूनच द्या, मन कितीही खात असलं तरी.

लाइट गेली तर? भरलेला मोठा डीप फ्रीजर न उघडता साधारण ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४ तास. एका दाराच्या फ्रीजमधला छोटा फ्रीजर इतका दम धरत नाही. आत बर्फाचे कण दिसत असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. गणपतीला आठवडाभर गावी जाणार असाल तर पेल्यात पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय असं समजा आणि मासळीचा मोह सोडा.

फ्रीजच डीफ्रॉस्ट करायचा असेल तर

दोन दारांचे बहुतेक फ्रीज फ्रॉस्ट-फ्री असतात. आतला हीटर ठरावीक वेळानं बर्फ वितळवतो आणि पाणी मागच्या ट्रेमध्ये जाऊन कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं सुकतं. तुम्हाला काही करायचं नाही. एका दाराच्या फ्रीजमध्ये मात्र बर्फ साठतो, आणि भाड्याच्या खोलीत बहुधा तोच असतो. अर्धा सेंटिमीटर थर जमला की वेळ झाली. तो थर गारवा अडवतो, कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि बिल वाढतं.

१. रात्री फ्रीजर रिकामा करा. सामान वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मासमध्ये किंवा शेजाऱ्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवा.

२. तापमानाच्या चकतीच्या मधलं बटन दाबा. बर्फ वितळला की ते आपोआप बाहेर येतं आणि फ्रीज पुन्हा चालू होतो. बर्फाचा डोंगर झाला असेल तर सरळ प्लग काढा आणि दार उघडं ठेवा.

३. घाई असेल तर गरम पाण्याचं पातेलं आत, जाड फडक्यावर ठेवा. खाली जुना टॉवेल अंथरा.

४. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथनं यांना हात लावू नका. फ्रीजरच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडलं की गॅस गेला, आणि हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर६००ए हा ज्वलनशील गॅस असतो. हेअर ड्रायरही नको. पाणी आणि वीज जवळ आणायची नाही.

५. सैल झालेले तुकडे हातानं काढा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसा, पूर्ण कोरडं करा, मग चालू करा.

आणि मागचा ट्रे. तो असतो हेच अनेकांना माहीत नसतं. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेची माणसं डेंग्यूच्या दिवसांत घरात येऊन कुंड्यांखालच्या ताटल्यांबरोबर फ्रीजमागे टॉर्च मारतात ते त्यासाठीच. आठवड्यातून एकदा ट्रे ओतून, घासून, कोरडा करा. ट्रे निघत नसेल तर स्पंजनं पाणी टिपा.

गाडीतलं बटन

गाडीतही हाच शब्द भेटतो. वक्र चौकोनावर तीन नागमोडी बाण म्हणजे पुढची काच, आयतावर बाण म्हणजे मागची. आपल्याकडे त्याचा उपयोग बर्फासाठी नसून पावसाळ्यातल्या धुक्यासाठी आहे. घाटात काच आतून धूसर झाली की पुढचं बटन दाबा, एसी चालू ठेवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटन बंद करा. एसी हवेतला दमटपणा काढतो. काच बाहेरून धूसर झाली असेल तर उलटं: वायपर फिरवा आणि एसीचा गारवा कमी करा. कॅनडात किंवा जर्मनीत खरोखरचा बर्फ काचेवर असेल तर त्यावर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. आधी गरम हवा, मग प्लास्टिकची खरवडणी. मागच्या काचेवरच्या बारीक तपकिरी रेघा म्हणजे तापणाऱ्या तारा. तिथे आतून स्टिकर लावू नका, काढताना तार तुटते.